सिनेमा चालणार की पडणार? सणाला नको, सणानंतरच्या सोमवारला विचारा



दिवाळी तोंडावर आली की आपल्या गटांच्या बैठकीत फराळाच्या ऑर्डरी, पणत्या आणि उटण्याच्या पुड्यांचा हिशेब सुरू होतो. तालुक्याच्या गावी थिएटरबाहेर वडापाव, भजी, चहाचा गाडा लावणाऱ्या बायकांचा त्यात आणखी एक प्रश्न असतो. "ताई, यंदा मोठा सिनेमा लागतोय म्हणे. चालेल का? माल किती करू?"

प्रश्न साधा वाटतो, पण याच प्रश्नाचं उत्तर शोधत मुंबईत मोठमोठे निर्माते आणि वितरक कोट्यवधी रुपये लावून बसलेले असतात. नवा सिनेमा किती गल्ला जमवेल याचा अंदाज बांधणं हाच काहींचा व्यवसाय आहे. तो अंदाज कसा बांधतात, तो कुठे चुकतो आणि त्यातून आपण काय घ्यायचं, हे आज आपण समजून घेऊ.

सणाचीच तारीख का?

सण म्हणजे सुट्टी, हातात बोनस किंवा पिकाचे पैसे, आणि घरी आलेली लेकीसुना-नातवंडं. म्हणून दिवाळी, ईद, नाताळ ते नववर्ष, उन्हाळ्याची सुट्टी या तारखांवर निर्मात्यांची झुंबड असते. काही जण तर वर्षभर आधी तारीख अडवून ठेवतात.

पण सणातला प्रत्येक दिवस सारखा नसतो, आणि हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरात पूजा, दारात रांगोळी, दुकानात वहीपूजन. त्या वेळी थिएटरकडे कोण फिरकतं? २०२३ मध्ये सलमान खानचा 'टायगर ३' नेमका लक्ष्मीपूजनाच्या रविवारी, १२ नोव्हेंबरला आला. पहिल्या दिवशी देशात सुमारे ४४ कोटी जमले आणि दुसऱ्या दिवशी ५९ कोटींच्या आसपास. आकडा वाढलेला पाहून कुणी म्हणेल, वा, लोकांना आवडला! पण ती वाढ मुख्यतः सणाच्या वेळापत्रकाची होती. आदल्या संध्याकाळी पूजेला बसलेली माणसं दुसऱ्या दिवशी मोकळी झाली. पुढे तो सिनेमा त्या वेगाने टिकला नाही. म्हणजे सणाचे आकडे वाचताना हातात कॅलेंडर हवंच.

गणपतीतही असंच होतं. मुंबई-पुण्यात संध्याकाळी माणसं आरतीला आणि देखावे पाहायला जातात, म्हणून शो रिकामे जातात. रमजानच्या महिन्यात धंदा मंदावतो आणि ईदला एकदम उसळतो. गावाकडे सुगीनंतरचे आणि जत्रेचे दिवस चांगले. जत्रेत तंबू टॉकीज लावणारा मालकही हाच हिशेब करतो.

पहिल्या दिवसाचा अंदाज

अंदाजाची पहिली पायरी म्हणजे साधा गुणाकार. समजा एका थिएटरात ४०० खुर्च्या आहेत, दिवसाला ४ शो आणि तिकीट १०० रुपये. सगळे शो भरले तर १ लाख ६० हजार. ही झाली कमाल मर्यादा. याच्यावर गल्ला जाऊ शकत नाही, मग हिरो कितीही मोठा असो. शंभरातल्या तीसच खुर्च्या भरल्या तर ४८ हजार. सिनेमा किती पडद्यांवर लागतोय, दिवसाला किती शो आणि तिकीट काय, हे कळलं की देशभराची कमाल मर्यादा मांडता येते.

म्हणून पडद्यांसाठी भांडणं होतात. आपल्या देशात चालू पडदे साधारण नऊ-दहा हजार. एकाच सणाला दोन मोठे सिनेमे आले की त्यांची वाटणी होते. २०२४ च्या दिवाळीत 'सिंघम अगेन' आणि 'भूलभुलैया ३' दोन्ही १ नोव्हेंबरलाच आले. पहिल्या दिवशी 'सिंघम' पुढे होता, सुमारे ४३ कोटी विरुद्ध ३५ कोटी. शेवटच्या बेरजेत मात्र 'भूलभुलैया' थोडा वर गेला. मोठ्यांच्या या ओढाताणीत मराठी सिनेमाला सकाळचा नाहीतर भर दुपारचा शो मिळतो ही जुनी तक्रार आहे. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला चांगली वेळ मिळावी म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारला मध्ये पडावं लागलं होतं.

दुसरी पायरी म्हणजे आगाऊ तिकीटविक्री. मोबाइलवर किती तिकिटं आधीच गेली, यावरून पहिल्या दिवसाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. पण यात एक मेख आहे. मोबाइलवर आधी तिकीट काढणारा माणूस बहुतेक शहरातला आणि बहुतेक तरुण. घरचं आवरून, सासूबाईंना विचारून, शेजारणीला सोबत घेऊन ऐन वेळी खिडकीवर तिकीट काढणारी बाई त्या आकड्यात नसते. तिला न मोजल्यामुळे भल्याभल्यांचे अंदाज कोसळले आहेत. ते कसं, ते पुढे येईलच.

भरवशाच्या म्हशीला टोणगा

पहिल्या दिवसावरून पूर्ण गल्ल्याचा अंदाज का बांधू नये, याचं चांगलं उदाहरण २०१८ सालचं आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, ८ नोव्हेंबरला, 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' आला. अमिताभ बच्चन आणि आमिर खान पहिल्यांदाच एकत्र. मोठी जहाजं, मोठ्या लढाया, आणि खर्च दोनशे कोटींच्या वर गेल्याचं बोललं जात होतं. पहिल्या दिवशी ५० कोटींच्या वर गल्ला जमला. हिंदी सिनेमासाठी तो तेव्हाचा विक्रम होता. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, म्हणजे सुट्टीच. तरी आकडा तीस कोटींच्याही खाली आला. सकाळचा शो पाहून आलेल्यांनी संध्याकाळच्या शोला जाणाऱ्यांना सांगून टाकलं होतं, "जाऊ नका." सगळं मिळून गाडी दीडशे कोटींच्या आसपास थांबली. पहिल्या दिवसाच्या जेमतेम तिप्पट.

त्याच वर्षी दसऱ्याला, १८ ऑक्टोबरला, 'बधाई हो' आला होता. पन्नाशीच्या आसपासची आई पुन्हा गरोदर राहते आणि घरात, शेजारात, नात्यात काय गहजब होतो, एवढीच गोष्ट. आईच्या कामात नीना गुप्ता, आजीच्या कामात सुरेखा सिक्री. आजीच्या कामासाठी सुरेखाताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिल्या दिवशी सात कोटींच्या थोडं वर. 'ठग्स'च्या सातवा हिस्सा! पण पाहून आलेली प्रत्येक बाई दुसरीला सांगत गेली, आणि गल्ला १३५ कोटींच्या पुढे गेला. पहिल्या दिवसाच्या अठरा पटींहून जास्त.

या पटीलाच अंदाज बांधणारे फार महत्त्व देतात. पहिल्या दिवशी एक रुपया आला तर शेवटी किती रुपये झाले? तिप्पट म्हणजे सिनेमा जाहिरातीवर उघडला आणि बोलण्यावर पडला. दहा-पंधरा पट म्हणजे लोकांनी तो उचलून धरला.

सोमवारची परीक्षा

ही पट आधी कशी ओळखायची? त्यासाठी धंद्यातली माणसं सोमवारची वाट पाहतात. शुक्रवारी उत्सुकता असते, शनिवार-रविवारी सुट्टी असते. सोमवारी शाळा, ऑफिस, शेत, मजुरी सगळं चालू. त्या दिवशी जो थिएटरात येतो तो खरा गिऱ्हाईक. सोमवारचा गल्ला शुक्रवारच्या निम्म्याच्या वर असेल तर सिनेमा तग धरतो. शुक्रवारच्या जवळपास असेल तर फारच उत्तम. तिसरा हिस्साही उरला नसेल तर गाशा गुंडाळायची तयारी.

सणाच्या सिनेमाची अडचण हीच, की सणात सोमवारही सुट्टीचा असतो. सुट्टी सिनेमाचे दोष झाकते. पाहुण्यांना कुठे न्यायचं म्हणूनही लोक जातात. म्हणून दिवाळीचा सिनेमा असेल तर सुट्टी संपल्यानंतरचा पहिला कामाचा दिवस पाहायचा. नवी सून कशी आहे ते सणाच्या साडीवरून कळत नाही, चार दिवस सोबत काम केल्यावर कळतं. सिनेमाचंही तसंच.

न मोजलेल्या बायका

आता त्या खिडकीवरच्या बाईकडे येऊ.

१९७५ साली 'शोले' आला, 'दीवार' आला. त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' नावाचा थोडक्या खर्चाचा सिनेमा आला. त्यात नावाजलेला हिरो नाही, मारामारी नाही. कुणाच्या हिशेबात तो नव्हता. पण गावोगावच्या बायका थिएटरला देवळासारख्या येऊ लागल्या. चपला दाराबाहेर काढायच्या, पडद्याला फुलं आणि नाणी वाहायची. त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या सिनेमांमध्ये तो जाऊन बसला. शुक्रवारचं व्रत करणाऱ्या बायका तेव्हाही होत्या. त्या तिकीट काढतील, एवढंच कुणी धरलं नव्हतं.

आपल्या मराठीतही हे घडलं. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला आला. त्या वेळी ना दिवाळी ना उन्हाळ्याची सुट्टी, उलट पेरणीचे आणि शाळा सुरू झाल्याचे दिवस. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची गोष्ट. पहिल्या आठवड्यात सुमारे साडेबारा कोटी जमले. सिनेमाचा दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा कमी, हा धंद्याचा नेहमीचा नियम. इथे दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ दुप्पट झाले! भिशीच्या, भजनी मंडळाच्या, बचत गटाच्या बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून घोळक्याने गेल्या. काही ठिकाणी अख्खा शोच बायकांनी भरला. एकूण गल्ला ७५ कोटींच्या पुढे गेला.

मराठीत याच्या वर 'सैराट'. तो २९ एप्रिल २०१६ ला, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत आला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. सुट्टीने त्याला सुरुवात दिली हे खरं, पण जून उजाडल्यावरही तो चालत होता, तो सुट्टीमुळे नव्हे.

गल्ला म्हणजे नफा नव्हे

गटाची हिशेबवही लिहिणाऱ्या मैत्रिणींनी इथे नीट लक्ष द्यावं.

समजा तिकीट ११८ रुपयांचं आहे. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८ रुपये सरकारचे. उरले १००. मल्टिप्लेक्स आणि निर्माते यांच्यात २००९ मध्ये मोठा वाद होऊन वाटणी ठरली. पहिल्या आठवड्यात वितरकाच्या वाट्याला १०० तले ५०, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे ३०. बाकीचे थिएटरचे. एकपडदा थिएटरांचे करार वेगळे असतात, पण तत्त्व हेच.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, निर्मात्याला पहिल्याच आठवड्यात गर्दी का हवी असते. तेव्हा त्याचा वाटा सगळ्यात मोठा असतो. म्हणून एवढ्या जाहिराती, म्हणून सणाची तारीख. दुसरी, 'दीडशे कोटी जमवले' असं छापून आलं तरी निर्मात्याच्या बाजूला त्यातले निम्मेही येत नाहीत. दोनशे कोटी खर्चून सत्तर कोटी हातात आले, तर बाकीची तोंडमिळवणी टीव्ही आणि मोबाइलवर दाखवायचे हक्क विकूनच करावी लागते. आणि तीस-चाळीस कोटींत केलेला सिनेमा तेवढ्याच गल्ल्यात सगळ्यांचं भलं करून जातो.

जाहिरातीतला आकडा वाचताना विचारायचं: करासकट की कर वगळून? देशातला की परदेशासकट? आणि सांगतोय कोण? आपल्याकडे गल्ल्याचे आकडे जाहीर करणारी सरकारी यंत्रणा नाही. निर्माते सांगतात ते आणि जाणकारांचे अंदाज, यांवरच सगळं चालतं. गर्दी दिसावी म्हणून घाऊक तिकिटं स्वतःच काढण्याचे, एकावर एक तिकीट फुकट देण्याचे प्रकारही होतात. बाजारात स्वतःच्याच टोपलीभोवती चार ओळखीची माणसं उभी करावीत तसं.

गाडा लावणाऱ्या मैत्रिणींसाठी

आता सुरुवातीचा प्रश्न. माल किती करायचा?

तोच गुणाकार करा. ४०० खुर्च्यांच्या थिएटरात सुट्टीच्या दिवशी शंभरात साठ खुर्च्या भरतील असं धरलं, तर एका शोला २४० माणसं, चार शोंना ९६०. सहातला एक माणूस वडापाव घेतो असं धरलं, तर १६० वडापाव. सहातला एक की दहातला एक, हे ठिकाणाप्रमाणे बदलतं. म्हणून दोन दिवस नीट मोजून आपला आकडा आपणच काढायचा.

सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या दिवसासाठी निम्माच माल धरा आणि बटाटे उकडण्याआधी तिघांना विचारा. एक, खिडकीवर तिकीट देणारा. दोन, पार्किंगचा पोरगा. त्याला गाड्यांची संख्या तोंडपाठ असते. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, सिनेमा पाहून बाहेर पडणारी बाई. "कसा होता?" एवढंच विचारा. "बरा होता" म्हणून ती चालू लागली, तर बेताने घ्या. थांबून गोष्ट सांगायला लागली, "बहिणीला घेऊन परत येणार" म्हणाली, तर पुढच्या आठवड्याचं बेसन आजच भरा. चिवडा, चकली, शेंगदाणा चिक्की असा टिकणारा माल सोबत ठेवला तर अंदाज हुकला तरी नासाडी होत नाही.

पैसा अंदाजावर लावू नका

शेवटचं बोलणं जरा कडक आहे. सिनेमाच्या नावाने फसवणुकीचा धंदा चालतो. मोबाइलवर निरोप येतो: 'घरबसल्या काम. नव्या सिनेमांना स्टार द्या, रोज पैसे कमवा.' सुरुवातीला खात्यात खरंच शे-दोनशे रुपये येतात. मग एका ग्रुपमध्ये घेतात. तिथे बाकीचे 'मला इतके मिळाले' असं सांगत असतात, आणि ते त्यांचेच साथीदार असतात. मग म्हणतात, मोठं काम हवं तर आधी पाच हजार भरा. मग दहा, मग पन्नास. मोबाइलवर आपली कमाई लाखात दिसते, पण काढायला गेलं की 'आधी कर भरा' म्हणतात. तो पैसा परत येत नाही.

कामाचे पैसे मालक मजुराला देतो. मजुराकडूनच आधी पैसे मागणारं काम हे काम नसतंच. 'कुठला सिनेमा शंभर कोटी करेल, पैसे लावा' असं म्हणणारी ॲप्सही दूर ठेवा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. सिनेमात भागीदारी देतो म्हणून गटाची बचत मागणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. आयुष्य या धंद्यात घालवलेल्यांना 'ठग्स' ओळखता आला नाही, तिथे आपल्या महिन्याच्या शे-दोनशेच्या बचतीने जुगार का खेळावा? आणि कुणी फसलीच, तर लाजून गप्प बसू नका. तासाभरात १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पैसे न लावता अंदाज मात्र जरूर बांधा. पुढच्या बैठकीत वहीच्या मागच्या पानावर दोन सणाच्या सिनेमांची नावं लिहा. कुठला पहिल्या दिवशी जास्त चालेल आणि कुठला दुसऱ्या आठवड्यात, हे प्रत्येकीने सांगायचं, आणि का ते एका वाक्यात. पंधरा दिवसांनी पडताळून पाहा. असा अंदाज बांधायची आणि तपासायची सवय लागली की ती पापडाच्या ऑर्डरीला, शेळीच्या भावाला, उन्हाळ्यातल्या कुरडयांनाही उपयोगी पडते. आणि सिनेमा चांगला निघालाच, तर गटाने मिळून जा. एकदम तिकिटं काढणार असाल तर व्यवस्थापकाशी दराचं आधी बोलून घ्या.

तुमचे अंदाज आम्हाला कळवा.